मिश्री सोडली आणि गाव रडलं

आमच्या घरात कुणीही वारलेलं नसताना अर्धं गाव आमच्या सोप्यात बसून रडलं, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

तसं बघायला गेलं तर जबाबदार मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि दात घासायच्या नावाखाली बोटानं हिरड्यांवर लावत बसायचं. जगातली बाकीची माणसं सकाळी एकदा दात घासतात. आमच्या घरच्या बाया सकाळी घासायच्या, भाकरी झाल्या की घासायच्या, धुणं वाळत घातलं की घासायच्या, भांडण असलं तर भांडणाआधी घासायच्या आणि भांडणानंतरही घासायच्या. एवढं घासून गावात सगळ्यात काळे दात कुणाचे? आमचेच! सासूबाई, थोरल्या जाऊबाई, धाकटी नणंद शकू आणि मी. मी साताऱ्याची मॅट्रिक पास. लग्न होऊन सांगलीजवळच्या या उसाच्या गावात आले तेव्हा ‘शी, मिश्री!’ म्हणून नाक मुरडलं होतं. वर्षाच्या आत जाऊबाईंच्या डबीत माझं बोट होतं. (शिक्षणाचा उपयोग एवढाच झाला, की डबीचं झाकण मी नीट लावून ठेवत असे.)

हे असंच आनंदात चाललं असतं. पण शकूला स्थळ आलं.

मुलगा जनावरांचा डॉक्टर, साताऱ्याकडचा. लाळ-खुरकुताची लस टोचायला तो आमच्या गावात आला होता आणि आमच्या म्हशीनं त्याला लाथ घालून शेणात बसवलं होतं. तो उठला, विजार झटकली आणि म्हशीच्या पाठीवर हात फिरवून म्हणाला, “भ्यालीस व्हय गं?” शकू दावणीपाशी उभी राहून हे बघत होती. त्या दिवसापासून ती वेगळीच झाली. रात्री भांडी घासता घासता मला म्हणाली, “वैनी, म्हशीला शिवी न देनारा मानूस बघितलाय का कवा तुमी?” मी नव्हता बघितला. तिचा भाऊ तर मुळीच तसला नव्हता. (आमचे हे सांगलीला हळदीच्या अडतीवर नोकरीला होते आणि शनिवारी घरी आले की त्यांचं म्हशींशी बोलणं ऐकून आम्हाला कानावर पदर घ्यावा लागे.)

तर त्याच डॉक्टरचं स्थळ आल्यावर पोरीचा आनंद गगनात मावेना. एकच अट होती. मुलाचे वडील लष्करातले निवृत्त सुभेदार. त्यांच्या घरात तंबाखूला थारा नव्हता आणि सूनही त्यांना बिनतंबाखूच्या घरातलीच हवी होती. आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, निवृत्त हवालदार. दोघांची गाठ कराडच्या बाजारात पडली. सुभेदारांनी विचारलं, “तुमच्या घरात तंबाखू, मिश्री?”

“आमच्या घरात?” मामंजींनी बंडीच्या खिशातल्या चंचीवर हात दाबून धरला. “काडीसुदीक न्हाई, सायेब!”

हवालदारानं सुभेदाराला खोटं सांगितलं होतं! घरी आले ते घामानं भिजूनच. उंबऱ्यात पाय टाकायच्या आधीच हुकूम सुटला. “पाव्हणं फुडल्या सोमवारी येनार. तवर समद्यांनी सोडायची. आत्ता. ह्या मिन्टाला!”

चंची आणि आमच्या चारही डब्या मामंजींनी स्वतः नेऊन उकिरड्यात पुरल्या आणि कदम ताल करत परत आले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घराची जी अवस्था झाली ती शत्रूवरही येऊ नये. सासूबाई कोंबड्यांच्या अंगावर धावून जात होत्या. जाऊबाईंनी आमटीत मीठ घातलं, मग आठवेना म्हणून परत घातलं, मग रागानं आणखी घातलं. मामंजी वासराला ‘सावधान’ म्हणत होते. शकू बिचारी लवंगा चघळून चघळून जीभ पोळवून बसली. मला तर समोर दिसेल ती काळी वस्तू मिश्री वाटू लागली. तव्याची काजळी बोटाला लावून नाकाशी नेली तेव्हा माझी मलाच भीती वाटली.

ऊन कलल्यावर मी सहज उकिरड्याकडे गेले. (माणूस उकिरड्याकडे सहज जात नाही हे मलाही कळतं.) तिथं जाऊबाई कोपरापर्यंत हात घालून उकरत होत्या.

“काय हो जाऊबाई?”

“फूल हरवलं कानातलं. तुमी?”

“माझंही.”

तेवढ्यात गोठ्याच्या आडून सासूबाई खुरपं घेऊन आल्या, आम्हाला बघून थबकल्या आणि म्हणाल्या, “ह्या उकिरड्यात गांडुळं लय झाल्यात, नव्हं?” त्यांच्या मागून फावडं खांद्यावर टाकून मामंजी! सगळे एकमेकांकडे बघत उभे. मामंजींनी घसा खाकरला. “म्या म्हनलं कुनी उकरतंय का बघावं. पहारा म्हनून.”

“फावडं घिऊन?” सासूबाई म्हणाल्या.

एकटी शकू आली नव्हती. ती घरात भिंतीकडे तोंड करून रडत होती. “वैनी,” ती म्हणाली, “मला त्येनला खोटं सांगायचं न्हाई. आन् ही सुटतबी न्हाई. म्या काय करू?”

मी तिच्या शेजारी बसले. आणि मग मला सांगलीच्या जैन काकी आठवल्या. आमच्या ह्यांच्या खोलीशेजारी त्या राहत. रोज ठरल्या वेळी सामायिकाला बसायच्या; हलणं नाही, बोलणं नाही, मन कुठं पळतं ते नुसतं बघायचं. मी विचारलं होतं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “इच्छा दारात आलेल्या गोसाव्यागत असते बघ. भीक घातलीस तर रोज येईल. शिव्या दिल्यास तर अडून बसेल. नुसती बघत राहा. तो आपसूक पुढच्या दारी जातो.” तेव्हा मला काहीच सोडायचं नव्हतं, म्हणून मी मान डोलावून चहा पिऊन आले होते.

संध्याकाळी मी सगळ्यांना सोप्यात घोंगड्यावर ओळीनं बसवलं आणि व्याख्यान दिलं. तलफ आली की उठायचं नाही. तिला दाबायचं नाही, तिचे लाडही करायचे नाहीत. ती अंगात कुठं आहे ते शोधायचं, आणि ती कशी चढते, कशी टिकते, कशी उतरते ते बघायचं. बाहेर कसलाही आवाज येवो, कुणी हसो, कुणी रडो. आपण बघत राहायचं.

“माझी हिरडीत हाय,” सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या.

“माझी बोटात,” जाऊबाई.

“माझी खिशात,” मामंजी म्हणाले.

“खिशात नसते मामंजी. अंगात शोधा.”

“आगं पर हात खिशातच चाललाय!”

“मग हाताकडं बघा.”

मामंजी हाताकडे असं रोखून बघू लागले की हात घाबरून मांडीवर आला. मीही डोळे मिटले. जिभेखाली पाणी सुटलं होतं, उजव्या बोटाला मुंग्या येत होत्या, छातीत काहीतरी ‘ऊठ, ऊठ’ म्हणत होतं. मी म्हटलं, बरं, म्हण. ते आणखी मोठ्यानं म्हणालं. मग थोडं हळू म्हणालं. मग कधी थांबलं ते मला कळलंच नाही.

“वैनी!” शकूनं डोळे उघडले. “गेली! आपआपली गेली!”

खरंच गेली होती! मला इतका आनंद झाला की मी तिला मिठीच मारली. इतकी वर्षं जिला आम्ही मालकीण समजून ऊठबस करत होतो, ती बाई कुणी विचारलं नाही तर निघून जात होती!

मामंजींना पद्धत पटली. फक्त उकिरड्याचा प्रसंग झाल्यापासून कुणाचा कुणावर विश्वास उरला नव्हता, म्हणून त्यांनी लष्करी नियम जोडला: एकाला तलफ आली की सगळ्यांनी बसायचं. कुणी एकटं हिंडायचं नाही. मग काय! धार काढता काढता सासूबाई ओरडायच्या, “आली!” की मामंजी अंगणातून गरजायचे, “बैठ!” आणि हातातलं टाकून आम्ही ओळीनं घोंगड्यावर. दूध उतू गेलं, भाकरी करपल्या, म्हशी ताटकळल्या. पण तलफा विरळ होत गेल्या. रविवारी तर सासूबाई कोंबड्यांना ‘या गं बायांनो’ म्हणाल्या.

सोमवार उजाडला. पाहुणे दुपारच्या एसटीनं येणार होते. त्यांच्याबरोबरच मामंजींची थोरली बहीण, तासगावची आक्का, भाचीच्या कार्यक्रमाला येणार होती. आक्का वयानं खूप थकलेली. गेल्या महिन्यात तर आता जाते की मग जाते अशी झाली होती. गावाला तेवढं ठाऊक होतं. ती बरी झाल्याचं मात्र कुणी गावाला सांगितलं नव्हतं.

जाऊबाईंनी शिऱ्यासाठी रवा काढला, चूल पेटवली. शकू हिरवं लुगडं नेसून आतून आली ती पांढरीफटक. “वैनी, आली. आजवर आली न्हाई एवढी आली.”

आणि खरं सांगते, तिनं म्हणायचा अवकाश, आम्हा सगळ्यांनाच आली! पाहुण्यांच्या धास्तीनं घरादाराची तलफ एकदम उसळली. “बैठ!” मामंजी म्हणाले. आम्ही बसलो. चूल विझली. रवा परातीत तसाच. जाऊबाईंनी नुकताच कांदा चिरला होता, त्यामुळे त्यांच्या डोळ्यांतून धारा लागलेल्या.

अशा वेळी शेजारची तानूबाई ताक मागायला दारात आली.

तिनं काय बघितलं? भर दिवसा घराच्या चुलीतून धूर नाही. सगळं घर खाली घोंगड्यावर, माना खाली घालून, गप्प. थोरली सून रडतेय. “काय झालं वो?” तिनं विचारलं. आम्ही बोललो नाही. (नियम!) मामंजींनी फक्त हात वर केला. तानूबाईनं तांब्या खाली ठेवला, तोंडाला पदर लावला आणि गल्लीत पळत सुटली. तिनं गल्लीत काय सांगितलं ते मला नंतर कळलं: “तासगावची म्हातारी गेली!”

मी डोळे मिटून माझ्या छातीतली ‘ऊठ, ऊठ’ बघत होते. दारात पावलं वाजू लागली. मग हुंदके. मग तानूबाईनं सासूबाईंच्या गळ्यात पडून सूर लावला, “कशी गं आमाला सोडून गेलीस, माजे माय!” मी मनात म्हटलं, बाहेर कुणी रडो, आपण बघत राहायचं. माझे शिष्य माझ्याहून पक्के. कुणी हललं नाही. पण सासूबाई जुन्या वळणाच्या. गळ्यात पडून कुणी रडलं तर आपणही रडायचं, कारण मागून विचारायचं, ही आमच्याकडची रीत. तानूबाईची आई गेली असं समजून त्यांनीही गळा काढला. त्यांचं बघून जाऊबाईंनी काढला. गावाला वाटलं, घर आत्ता कुठं मोकळं झालं, आणि गाव दुप्पट रडू लागलं!

पुरुषमाणसं मामंजींच्या शेजारी येऊन बसली. पाटलांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “जानारं जातंच, हवालदार.”

मामंजींना वाटलं, आपण तंबाखू सोडल्याचं गावभर झालं. “व्हय,” ते डोळे मिटूनच म्हणाले. “लय वर्सांची सोबत हुती.”

“शेवटाला लय तरास झाला का?”

“पयल्या दिशी लय. आता कायबी वाटत न्हाई.”

पाटील हादरून जरा लांब सरकले.

मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी पिठलं-भाकरी करून आणतात. बघता बघता आमच्या उंबऱ्यात पिठल्याची पातेली आणि भाकरीच्या दुरड्या येऊन थडकल्या. मी एक डोळा किलकिला करून बघितलं आणि पहिल्यांदा मला शंका आली, की हे काही तंबाखूसाठी चाललेलं नसावं.

आणि एसटी, जन्मात कधी नव्हे ती, वेळेवर आली.

पांढरी दाढीमिशी चोपून बसवलेले सुभेदार, त्यांच्या मागे डॉक्टर, आणि डॉक्टरचा हात धरून काठी टेकत आक्का. अंगणात पोहोचल्याबरोबर सुभेदारांनी टोपी काढली. डॉक्टरनं वहाणा काढल्या. आक्कानं मात्र काही विचारायच्या भानगडीत न पडता काठी टाकली, छाती बडवली आणि “आगं माझे बाई गं!” म्हणत सगळ्यांत वरचा सूर लावून बायांच्या घोळक्यात घुसली. तानूबाईनं तिला मायेनं कवटाळलं, पाठीवरून हात फिरवला आणि मग तोंड बघितलं.

असा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. तानूबाई न थांबता मागच्या दारापर्यंत गेली. “म्हातारी! म्हातारीच रडाय आली!”

“मंग कोन गेलंय?” आक्का पदरानं डोळे पुसत म्हणाली. “म्या कुनासाठी रडतीया?”

सगळ्या माना मामंजींकडे वळल्या. मामंजी उठून सावधानमध्ये उभे राहिले. सुभेदारांच्या कपाळावर आठी. “हवालदार, काय परकार हाय ह्यो?”

आता सगळं संपलं असं मला वाटलं. खरं सांगावं तर हवालदार खोटा पडतो, खोटं सांगावं तर मेलेलं माणूस कुठून आणायचं? दोन्हीत शकूचं लग्न जातं. आणि हे सगळं माझ्या एका व्याख्यानामुळे! मी जमिनीकडे बघत होते, तेवढ्यात हिरवं लुगडं माझ्या शेजारून उठलं.

“कोन गेलं न्हाई,” शकू म्हणाली. मान वर होती. “आमच्या घरात मिश्री हुती. मीबी लावत हुते. वडलांनी तुमाला खोटं सांगितलं. तवापास्नं समदी सोडाय लागलोय. मगाशी तलफ आली, म्हनून ती बघत बसलो हुतो. बोलायचं नसतंय तवा. म्हनून गावाला वाटलं मयत झालं.”

कुठं तरी कुणी तरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. डॉक्टर पुढं आला. म्हशीला विचारलं होतं तेवढ्याच हळू आवाजात त्यानं विचारलं, “आत्ता हाय का तलफ?”

“हाय. लय हाय.”

“मंग?”

“बघतीया.”

“जाईल?”

“जाईल. पर येळ लागंल. तुमी बसा जरा.”

आणि तो बसला! पिठल्याच्या पातेल्याशेजारी, मांडी घालून. ते बघून पाटील बसले. रडायला आलेल्या बाया बसल्या. शेवटी सुभेदारही टोपी मांडीवर ठेवून बसले. सगळं अंगण शकूच्या तोंडाकडे बघत होतं. तिचे ओठ घट्ट झाले, बोटं पदरात आवळली, कपाळावर घाम आला. आक्कानं सवयीनं कनवटीची डबी काढली, झाकण उघडलं, तो वास शकूपर्यंत गेला. मला ओरडावंसं वाटलं. शकूनं नुसतं त्या डबीकडे बघितलं. बघत राहिली. हळूहळू तिची बोटं सुटली. खांदे उतरले.

“गेली,” ती म्हणाली.

काय ओरडा झाला म्हणून सांगू! रडायला आलेलं गाव टाळ्या पिटत उभं राहिलं. पाटलांनी पटका उडवला. जाऊबाई परत रडू लागल्या, आणि या वेळी कांदा नव्हता. मी तर अभिमानानं अशी फुगले की चोळीची गाठ कचकन ताणली.

सुभेदार उठले. “माझी आई मिश्रीपायी तोंडाच्या दुखन्यानं गेली,” ते म्हणाले. “शेवटाला पानी गिळता येत नव्हतं, पर डबी मागायची. तिला कुनी ह्ये शिकिवलं असतं तर...” मग ते मामंजींकडे वळले. “हवालदार, खोटं बोललास, त्येची शिक्षा हाय. लग्न तुझ्या दारात आन् जेवनावळ तुझी.”

“जी सायेब!” मामंजींनी इतक्या जोरात सॅल्यूट ठोकला की पटका डोळ्यांवर आला.

शिरा झालाच नव्हता. दारात होतं ते मयताचं पिठलं. ते पाहुण्यांना वाढायचं कसं, म्हणून सासूबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. तेव्हा आक्का काठी आपटून म्हणाली, “मेलेली म्या हाय नव्हं? मंग म्या सांगतीया, बसा जेवाय!” आणि आमच्या शकूचं लग्न आक्काच्याच मयताच्या पिठल्यावर ठरलं. डॉक्टरनं तीनदा वाढून घेतलं.

शकूचे दात पुढं पांढरेशुभ्र झाले. सासूबाई अधूनमधून घसरल्या, पण स्वतःच येऊन सांगायच्या आणि घोंगडं अंथरायच्या. माझी मिश्री त्या दिवसापासून सुटली ती सुटलीच. मग पंचक्रोशीतल्या बाया शिकायला येऊ लागल्या, आणि ज्या येत नव्हत्या त्यांच्याकडे मी आपण होऊन जाऊ लागले. विडी ओढणारा कंडक्टर, नखं खाणारी मास्तरीण, दिवसभर गूळ चोरून खाणारा आमचा पुतण्या; मी कुणाला सोडलं नाही. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही, “तुम्हाला कसली तलफ येते हो?”

परवा असंच ह्यांना, ते जेवत असताना, घास कसा बघत बघत खावा ते समजावून सांगत होते. त्यांनी ताट तसंच ठेवलं, हात धुतला आणि म्हणाले, “तुझी मिश्रीच बरी होती गं! निदान तोंड तरी बंद असायचं!”